सरवा वेचताना : एकोणिसाव्या शतकातील रेखाचित्रे आणि शेतावरच्या वस्तू

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मराठीत ‘सरवा’ असा एक शब्द आहे. पीक कापून, पेंढ्या बांधून खळ्याकडे नेल्यानंतर शेतात जी कणसे सांडलेली राहतात, तो सरवा. मोल्सवर्थ यांच्या मराठी–इंग्रजी शब्दकोशात असे शेतावरचे शेकडो शब्द जपलेले आहेत. त्या कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत १८५७ साली निघाली. त्याच वर्षी मुंबईतच सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली आणि त्याच वर्षी पॅरिसच्या ‘सलोन’ या सरकारी चित्रप्रदर्शनात ज्याँ फ्रान्स्वा मिले या चित्रकाराचे ‘सरवा वेचणाऱ्या स्त्रिया’ हे चित्र लोकांपुढे आले. या तिन्ही गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नव्हता, आणि योगायोगाला अर्थ चिकटवण्याचेही कारण नाही. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या ऐन मध्यावर शेतावरचे जग कोशात, कलाशाळेत आणि चित्रात टिपले जाण्याची वेळ आली होती, एवढे त्यावरून म्हणता येईल.

मिलेच्या त्या चित्रात तीन बायका आहेत. दोघी कमरेत पार वाकलेल्या, तिसरी अर्धवट उठलेली. कमरेच्या फडक्याचा ओचा करून त्यात त्या कणसे गोळा करीत आहेत. मागे दूरवर उन्हात न्हालेल्या गंजी, भाऱ्यांनी लादलेली गाडी आणि उजव्या कोपऱ्यात घोड्यावर बसलेला मुकादम दिसतो. म्हणजे सुबत्ता आहे, पण ती क्षितिजाजवळ आहे. पुढे आहेत त्या उरलेसुरले वेचणाऱ्या. फ्रान्समध्ये सरवा वेचण्याची मुभा गरिबांना होती, तीही पीक निघाल्यावर आणि उजेड असेतोवर. इतक्या साध्या दृश्याने पॅरिसमधले काही टीकाकार बिथरले. १८४८ च्या क्रांतीला जेमतेम नऊ वर्षे झाली होती. या तिघींच्या पाठीमागे १७९३ चे भाले आणि वधस्तंभ उभे आहेत, अशा अर्थाची टीका तेव्हा छापून आली. गंमत अशी की, या तिघींच्या हातात शस्त्र तर नाहीच, पण साधा विळाही नाही. रिकामे हात आणि वाकलेल्या पाठी एवढ्यावरच प्रेक्षक घाबरला.

हे भय समजून घ्यायचे, तर त्यापूर्वी शेतकरी आणि त्याची अवजारे चित्रांत कशी येत असत हे पाहावे लागते. ती येत असत, पण दोन ठराविक वाटांनी. पहिली वाट यंत्रकाराची. अठराव्या शतकातल्या दिदरोच्या विश्वकोशातील शेतीचे फलक या प्रकारचे आहेत. त्यांत नांगर सुटा करून दाखवलेला असे; फाळ वेगळा, दांडी वेगळी, प्रत्येक भागाला अक्षर. त्यावरून सुताराला नांगर घडवता येईल. पण तो कोणाच्या हातात होता, हे मात्र कळायचे नाही. दुसरी वाट शोभेची. इंग्लंडमध्ये विल्यम पाइन याने १८०३ पासून ‘मायक्रोकॉझम’ नावाचा छापील चित्रसंग्रह काढला. त्यात गाड्या, नांगर, कापणी, मळणी, कोळी, विटा पाडणारे असे शेकडो लहान लहान गट रेखाटलेले होते. हेतू उघड होता : निसर्गचित्र काढणाऱ्या हौशी चित्रकाराला आपल्या डोंगर-झाडांच्या मधे एखादी गाडी, एखादा गुराखी हवा असेल, तर त्याने येथून उचलावा. पाइनची रेघ चपळ आणि प्रामाणिक आहे, त्याच्या गाड्यांची चाके खरोखर फिरतील अशी आहेत. परंतु त्या पुस्तकात शेतकऱ्याचे स्थान भाजीतल्या कोथिंबिरीचे आहे.

या दोन्ही वाटा सोडून प्रथम ज्यांनी पावले टाकली त्यांत जॉन कॉन्स्टेबल हा एक होय. त्याची एक हकीकत गाव सोडून शहरात स्थिरावलेल्या प्रत्येक घराला ओळखीची वाटेल. कॉन्स्टेबल इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या एका पाणचक्कीवाल्याचा मुलगा. तरुणपणी तो लंडनला आला आणि तेथेच राहून गावाची चित्रे काढीत राहिला. १८२१ च्या आरंभी तो एका मोठ्या चित्रावर काम करीत होता : ओढ्याच्या उथळ पाण्यात थांबलेली गवताची गाडी. हेच पुढे ‘द हे वेन’ म्हणून जगप्रसिद्ध झाले. झाडे, पाणी, ढग सारे जमले. पण गाडीपाशी हात अडला. लहानपणी जी गाडी रोज पाहिली होती, तिच्या कडेच्या फळ्या आणि चाकांची जागा नेमकी आठवेना. मग गावाकडून धाकट्या डनथॉर्नने, म्हणजे कॉन्स्टेबलच्या जुन्या मित्राच्या मुलाने, गाडीची बाह्याकृती काढून पाठवली. थंडीचे दिवस होते आणि पोराला उघड्यावर गारठ्यात बसून ते काम करावे लागले, असे कॉन्स्टेबलच्या भावाने सोबतच्या पत्रात कळवले. आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्या चित्रापुढे उभे राहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते. चित्राच्या मधोमध उभी असलेली वस्तू स्मरणातून निसटली होती, ती गावात मागे राहिलेल्या एका मुलाने परत मिळवून दिली.

मिलेची गोष्ट याहून वेगळी, कारण त्याने अवजारे नुसती पाहिली नव्हती, वापरली होती. १८१४ मध्ये नॉर्मंडीच्या समुद्रकाठी ग्रुशी नावाच्या वाडीत त्याचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे, पण अगदी अडाणी नव्हे. घरात ग्रंथ होते आणि मुलाने लॅटिनमध्ये व्हर्जिल वाचला होता. थोरला मुलगा म्हणून विशीच्या उंबरठ्यापर्यंत तो वडिलांबरोबर शेतावर राबला. नांगरणी, कापणी, मळणी, खत पसरणे यांतले काही त्याला ऐकीव नव्हते. पुढे शेरबूर शहरात चित्रकलेचे प्राथमिक धडे, १८३७ मध्ये त्याच शहराच्या शिष्यवृत्तीवर पॅरिस, तेथे वर्षानुवर्षे ओढगस्त. आणि १८४९ मध्ये पॅरिसमध्ये पटकीची साथ असताना बायकामुलांसह बार्बिझाँ या रानालगतच्या खेड्यात मुक्काम. तेथेच तो १८७५ मध्ये वारला.

१८५३ मध्ये त्याची आई गेली. मिळकतीच्या वाटणीसाठी तो ग्रुशीला गेला. त्याचा मित्र आणि चरित्रकार आल्फ्रेद साँसिए याने लिहून ठेवले आहे की, मिलेने घराचा आपला हिस्सा भावासाठी सोडला आणि स्वतःकरता फक्त जुनी पुस्तके व ओक लाकडाचे एक मोठे कपाट मागितले. पुढल्या वर्षी, १८५४ च्या उन्हाळ्यात, तो कुटुंबाला घेऊन पुन्हा तेथे गेला आणि चार महिने राहिला. त्या मुक्कामात त्याने घर काढले, विहीर काढली, अंगण, कुंपणाची भिंत, शेताकडे जाणारी वाट काढली. या रेखाटनांत नाट्य असे काहीच नाही. विहिरीवरचे दगडी बांधकाम, दाराची चौकट, भिंतीला टेकवलेल्या वस्तू. पण वाटणी ज्याने पाहिली आहे त्याला त्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. कागदोपत्री जे सोडून दिले, ते त्याने दुसऱ्या कागदावर उतरवून बरोबर नेले.

त्याचे साधन बहुधा काळी काँते खडू. तिच्याविषयी थोडे सांगणे अस्थानी होणार नाही. १७९० नंतर इंग्लंडशी युद्ध पेटल्याने फ्रान्सला उत्तम इंग्रजी शिसे मिळेनासे झाले, तेव्हा निकोला-जाक काँते याने शिशाची भुकटी मातीत मळून, भाजून पेन्सिली करण्याची कृती शोधली. १७९५ मध्ये तिचा हक्क त्याच्या नावे नोंदला गेला. शाळेतल्या प्रत्येक दप्तरात आज जी पेन्सिल आहे, ती याच कृतीची वारस होय. त्याच्या नावाने ओळखली जाणारी काळी खडू दाट, मऊ आणि खोल रेघ देते. खरबरीत कागदावर ती घासली की काळोख तयार होतो आणि मधले कोरे कण उजेडासारखे चमकतात. मिलेने या खडूने दिवेलागणीच्या वेळची घरे, कंदिलाच्या उजेडात शिवणाऱ्या बायका, मेंढवाड्यावरचे चांदणे काढले. त्यांत चेहऱ्याचे तपशील बहुतेक पुसलेलेच असतात.

मग उरते काय? वजन. मिलेच्या रेखाचित्रांत सर्वांत खरे काही असेल तर ते वजन. विहिरीवरून दोन बादल्या घेऊन निघालेल्या बाईचे एक चित्र आहे. त्याविषयी एका टीकाकाराला लिहिलेल्या पत्रात त्याने आपला हेतू उलगडून सांगितला : ही बाई पाणक्याची नोकरी करणारी दिसू नये, मोलकरीणही नव्हे, आपल्या नवऱ्याच्या आणि मुलांच्या सूपाचे पाणी ती नेते आहे, हे दिसावे, भरल्या बादल्यांचे ओझे कमी वाटू नये नि जास्तही वाटू नये, त्या ओझ्याने हात ताणलेले आणि उन्हाने डोळे किलकिले झालेले असावेत. जे चित्र समोर ठेवून तो हे म्हणतो, त्यात हे सारे दिसते. खांदे किंचित खाली ओढलेले, कोपरे सरळ, पाऊल जमिनीला धरून. बादली कशी काढली हे पाहायचे असेल, तर बादलीकडे पाहूच नये, बाईच्या खांद्याकडे पाहावे. ‘कुदळीवर टेकलेला माणूस’ या १८६३ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रातही तसेच. दगडधोंड्यांनी आणि काटेरी झुडपांनी भरलेले रान खणताना तो क्षणभर थांबला आहे, आणि ज्या अवजाराने त्याला थकवले त्याच्याच दांड्यावर त्याने सारा भार टाकला आहे. या चित्रावरही त्या काळी हलकल्लोळ झाला. मिलेला समाजवादी ठरवण्यात आले. तो मात्र आपण जे पाहिले तेच काढतो असे सांगत राहिला. त्याच्या म्हणण्यावर विश्वास ठेवायला हरकत नसावी.

एक दख्खनी शंका येथे नोंदवायला हवी. मिलेच्या ‘पेरणी करणारा’ या १८५० च्या चित्रात खांद्याला बियाण्याची झोळी अडकवून, लांब ढांगा टाकीत, मुठीमुठीने बी उधळीत एक तरुण उतारावरून उतरतो. चित्र भव्य आहे यात वाद नाही. पण तिफणीच्या मागे चालत, चाड्यावर मूठ धरून, तीन नळ्यांतून तीन काकरांत नेमके बी सोडणाऱ्या आपल्याकडच्या बाईने ते पाहिले असते तर विचारले असते, ‘असे फोकून पेरल्यावर कोळपणी कशी करणार?’ प्रश्न रास्त आहे. मळणीचेही तसेच. युरोपातला शेतकरी दोन काठ्या चामड्याच्या वादीने जोडून केलेल्या झोडण्याने धान्य झोडीत असे. देशावर तिवड्याभोवती बैल फिरत. चित्र कितीही थोर असले तरी ते एका मातीतले असते. दुसऱ्या मातीतल्या माणसाने त्यापुढे आपले ज्ञान खुंटीला टांगून उभे राहण्याची गरज नाही.

१८५३ मध्ये मिलेची दहा चित्रे आद्रियाँ लाव्हिएय याने लाकडावर कोरून पॅरिसच्या एका सचित्र साप्ताहिकात छापली. ‘शेतावरची कामे’ असे त्या मालिकेचे नाव. विळा चालवणारा, पेंढी बांधणारी, झोडणीवाला, मेंढ्यांची लोकर कातरणारे, दाताळ्याने गवत ओढणारी, जवसाचे ताट कुटणारी, सूत कातणारी, लाकूडतोड्या. लाकडी ठशावर जे कोरून काढावे ते पांढरे उमटते आणि जे राखावे ते काळे. असा ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबरच छापता येतो, म्हणून तो स्वस्त पडतो. जे तैलचित्र एका श्रीमंताच्या दिवाणखान्यात जायचे, त्याची रेघ अशा रीतीने हजारो साध्या घरांत पोचली.

त्यांतला एक संच सत्तावीस वर्षांनी बेल्जियमच्या कोळसाखाणींच्या मुलखात, क्वेम नावाच्या गावी, एका बेकार धर्मोपदेशकाच्या हाती होता. हा व्हिन्सेंट व्हॅन गॉग. १८८० साल, वय सत्तावीस. चित्रांच्या दुकानातली नोकरी गेलेली, शिक्षकी जमली नाही, खाणकामगारांत धर्मप्रसाराचे काम होते तेही सुटलेले. आपण चित्रकार व्हायचे असे त्याने ठरवले आणि सुरुवात केली ती नक्कलेने. मिलेच्या दहाही चित्रांच्या त्याने नकला काढल्या. शार्ल बार्ग याच्या ‘चित्रकलेचे पाठ’ या पाठ्यपुस्तकातले फलकही तो पुनःपुन्हा गिरवीत बसला. पाच वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये मिलेच्या रेखाचित्रांच्या विक्रीपूर्व प्रदर्शनात पाऊल ठेवताना, ही पवित्र जागा आहे, येथे जोडे काढून आत जावे, असे त्याला वाटले होते. तसे त्याने भावाला कळवले होते. नक्कल हा शब्द चित्रकलेच्या वर्गात आज हलका मानला जातो. वस्तुस्थिती अशी की, आधुनिक काळातल्या सर्वांत स्वतंत्र हाताने आपला ओनामा नकलेनेच गिरवला.

पण नक्कल करून तो थांबला नाही. हेगमध्ये १८८२ साली त्याने लोहाराकडून एक चौकट करवून घेतली. तिच्यात दोऱ्या ताणलेल्या असत, तिला खाली टोकदार पाय असत, ती शेतात रोवून तिच्यातून पाहिले की जवळचे आणि दूरचे यांचे प्रमाण बरोबर कळे. अशा रीतीने शेत काढण्यासाठी त्याला स्वतःलाच एक अवजार शेतात न्यावे लागले. पुढे १८८३ च्या अखेरीस तो आईवडिलांच्या घरी, दक्षिण नेदरलंड्समधल्या न्यूनेन गावी आला आणि जवळपास दोन वर्षे राहिला. हे गाव शेतकऱ्यांचे, तसेच विणकरांचे. घरोघरी अवाढव्य लाकडी माग. पहिले काही महिने त्याने सारखे मागच काढले. हिरवट-तपकिरी पडलेल्या ओक लाकडाच्या एका मागावर १७३० हा आकडा कोरलेला होता, म्हणजे माग दीडशे वर्षांचा. विणकरांच्या पिढ्या आल्या नि गेल्या, माग तेथेच होता. या चित्रांत माणूस लहान आणि माग मोठा आहे. काळ्या पिंजऱ्यात माकड बसावे तसा विणकर आत कोंडलेला दिसतो, आणि हा परिणाम हेतुपुरस्सर आहे.

त्याविषयी आपल्या व्हॅन रॅपार्ड या चित्रकार मित्राला त्याने जे लिहिले ते या विषयाच्या मर्माशी जाऊन भिडते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : एखाद्या यंत्रकाराने काढलेला मागाचा आराखडा आणि माझे रेखाटन शेजारी शेजारी ठेवावे. आराखडा बिनचूक असेल. पण ही वस्तू घामट हातांनी काळवंडलेल्या ओकाची आहे, हे माझ्या चित्रात दिसेल. आणि माणूस काढला नसला तरी तो कधी ना कधी आठवल्यावाचून राहणार नाही. दिदरोच्या विश्वकोशापासून चालत आलेल्या यंत्रकारी रेघेला दिलेले हे उत्तर होय. अवजार म्हणजे त्याचे भाग नव्हेत. त्यावर बसलेला हाताचा मळ हाही त्याचा भाग.

१८८५ च्या वसंतात ‘बटाटे खाणारे’ हे चित्र झाले. कंदिलाच्या उजेडात एकाच ताटातून उकडलेले बटाटे उचलणारे शेतकरी कुटुंब. ताटाकडे जाणारे हे हात जमीन खणणारेच हात आहेत, त्यांनी आपले अन्न प्रामाणिकपणे कमावले आहे, हे आपल्याला दाखवायचे होते असे त्याने भावाला लिहिले. त्या चित्राची शिळाप्रत पाहून व्हॅन रॅपार्डने मात्र कठोर टीका केली. हात, नाक, गुडघे काहीच धड नाही. पाच वर्षांची मैत्री त्यावरून तुटत गेली. टीका सर्वस्वी खोटी नव्हती. व्हॅन गॉगनेही ती एका अर्थी मनावर घेतली असावी, कारण त्याच उन्हाळ्यात त्याने काळ्या खडूने मोठ्या आकाराची रेखाचित्रे काढली, ती अधिक भरीव आहेत. कापणारे, पेंढ्या बांधणाऱ्या, सरवा वेचणाऱ्या, बटाटे खणणाऱ्या. कित्येक आकृत्या पाठमोऱ्या. घागऱ्याच्या चुण्या आणि लाकडी जोडे यांनाच त्यांत चेहऱ्याचे महत्त्व आलेले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर डोक्यावर गाठोडे घेऊन उतरलेल्या माणसांची पाठच आधी दिसते, तशीच ही माणसे.

शरद ऋतूत हे थांबले. गावातली एक तरुणी लग्नाआधी गरोदर राहिली. ती त्याच्यापुढे चित्रासाठी बसत असे, म्हणून संशय त्याच्यावर आला. त्याने तो नाकारला. पण गावच्या कॅथलिक धर्मगुरूने लोकांना त्याच्यापुढे बसू नका असे बजावले, न बसल्यास पैसेही देऊ केले. माणसे येईनाशी झाली. मग त्याने वस्तू काढल्या : टोपल्यांतले बटाटे, मातीची भांडी, पक्ष्यांची रिकामी घरटी. कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत ही चित्रे ‘स्थिरचित्रे’ या मथळ्याखाली येतात आणि चित्रकलेच्या परीक्षेला बसलेला विद्यार्थी तो शब्द जाणतो. त्या टोपल्यांपुढे काही दिवसांपूर्वीपर्यंत माणसे बसत होती, हे मथळ्यावरून कळत नाही. नोव्हेंबरमध्ये त्याने गाव सोडले, ते कायमचे.

त्याच १८८५ साली कलकत्त्यात एक पुस्तक छापले गेले : ‘बिहार पेझंट लाइफ’. लेखक जॉर्ज ग्रियर्सन, हेच पुढे भारताच्या भाषिक पाहणीचे प्रमुख झाले आणि त्या पाहणीचा सातवा खंड मराठीला वाहिलेला आहे. बिहारच्या शेतकऱ्याभोवतीच्या वस्तूंची ही जणू यादी. नांगर, जू, बैलगाडी, उसाचा चरक, पाणी उपसण्याची साधने, टोपल्या, जाती. प्रत्येकाचे नाव आणि त्याच्या भागांची नावे, तीही जिल्ह्याजिल्ह्यांनुसार बदलणारी. सोबत ग्रियर्सन यांनी स्वतः घेतलेल्या छायाचित्रांवरून केलेली चित्रे. येथे चित्र शब्दाचा चाकर आहे. ‘हरीस’ म्हणजे नेमकी कोणती दांडी, हे कळावे म्हणून ते काढले आहे. सरकारी कामासाठी लिहिलेल्या या पुस्तकात घामट ओक सापडणार नाही. परंतु व्हॅन गॉगच्या चित्रात जे नाही ते येथे आहे : माग चालवणारा आपल्या मागाच्या प्रत्येक तुकड्याला काय म्हणतो, याची नोंद. नुसत्या रेघेला नावे कळत नाहीत आणि नुसत्या नावांना वजन असत नाही.

मुंबईत या दोहोंच्या मधला मार्ग काही काळ दिसला. जॉन लॉकवुड किपलिंग हे १८६५ मध्ये जीजीभॉय कलाशाळेत शिल्पशिक्षक म्हणून आले आणि १८७५ पर्यंत राहिले. त्यानंतर लाहोरला गेले. त्यांनी विणकर, रंगारी, कुंभार, लाकूडकाम करणारे अशा कारागिरांची रेखाचित्रे त्यांच्या कामाच्या जागी बसून काढली. १८९१ मध्ये निघालेल्या त्यांच्या भारतीय पशुजीवनावरील सचित्र पुस्तकात गाय-बैलांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांचे शेतीविषयक काम मात्र रोज हजारो लोकांच्या डोक्यावर असते नि पाहिले जात नाही. १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारांवरचे उठावशिल्प त्यांचे आहे, आणि त्यात भारतीय शेतकरी आहेत. त्या मंडईला पुढे महात्मा जोतीराव फुले यांचे नाव देण्यात आले. १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याच्या दैन्याचा हिशेब ज्यांनी मांडला, त्यांचे नाव खाली आणि दगडातला सुखवस्तू शेतकरी वर, अशी ती इमारत आहे. मुंबईला सुटीत जाणाऱ्या मुलांना पालकांनी एकदा तेथे मान वर करून उभे करावे.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलांची स्थिती ग्रियर्सनच्या वाचकासारखी असते. मोट, नाडा, रुमणे, शिवळ, चाडे, कणगी हे शब्द आजीच्या बोलण्यातून किंवा पाठ्यपुस्तकातून कानावर येतात. वस्तू पाहिलेली नसते. गावाकडच्या त्यांच्या चुलतभावांची स्थिती आता उलट नसून तीच होऊ लागली आहे, कारण ट्रॅक्टर आल्यावर तिफण माळ्यावर गेली. आजी-आजोबांकडून एखाद्या अवजाराचे चित्र काढवून घेतले, तर बहुतेक जण आधी हाताने हवेतच आकार दाखवतात, मग कागदाकडे वळतात. कॉन्स्टेबलला गाडी पाठवणाऱ्या मुलाचे काम येथे वयाने ज्येष्ठ माणसांकडे आले आहे.

शेवटी एका दंताळ्याविषयी. १८६२ मध्ये मिलेने बार्बिझाँजवळचे शायीचे पठार हिवाळ्यात रंगवले. माणूस एकही नाही. पुढ्यात लोखंडी दातांची एक चौकट, म्हणजे ढेकळे फोडण्याचे औत, ओल्या जमिनीत पडलेले. आपल्या कुळवाला खाली पास असते, याला खिळ्यांसारखे दात. थोडे मागे एक नांगर. वर कावळ्यांचा थवा. दिवस मावळायला आला म्हणून कोणीतरी काम टाकून घरी गेले आहे, की आता वसंतापर्यंत कोणी येणारच नाही, हे चित्र सांगत नाही. या चित्रावरून पुढे आल्फ्रेद दलोने याने एक काळी-पांढरी छापप्रत केली. जानेवारी १८९० मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सँ-रेमी येथील मनोरुग्णालयात व्हॅन गॉगपुढे तीच होती. बाहेर थंडी, प्रकृती ठीक नाही, शेतात जाता येत नाही, समोर बसायला माणूस नाही. त्या महिन्यांत त्याने मिलेची वीसेक चित्रे अशा छापप्रतींवरून रंगवली. संगीतकाराने रचलेली गत वादकाने आपल्या रीतीने वाजवावी, तसे हे आहे असे तो म्हणे. रंग त्याला प्रतीत मिळत नव्हते, ते त्याने मनाने घातले. शायीच्या पठारावर त्याने निळा-हिरवा बर्फ पसरला आणि दंताळे मात्र होते तेथेच, तसेच ठेवले.